वाफसा येईपर्यंत

— तृतीय वर्ष कला (भूगोल)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी ‘विज्ञान : शाप की वरदान’, ‘आजचा तरुण कोठे चालला आहे’ अशा विषयांवर चार-दोन लेख असतातच. आजचा तरुण कोठे चालला आहे याचे एक उत्तर मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांतला तरुण (आणि त्याचा काका, आणि पुष्कळदा त्याचे आजोबासुद्धा) मार्च महिना सरत आला की रानाकडे चाललेला असतो. कोणी मोटारसायकलवर, तर कोणी चार फुगीर चाकांच्या त्या बुटक्या गाडीवर, जिला तिकडे ‘एटीव्ही’ म्हणतात. आणि रानाच्या तोंडाशी त्याला एक फाटक बंद दिसते. हे फाटक केव्हा उघडावे, आणि ते उघडण्याचा निर्णय कोणी, काय पाहून घ्यावा, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

विषय सांगताच आमच्या कट्ट्यावर दोन मते पडली. एक पक्ष म्हणाला, “रानात फटफटी हवीच कशाला? फाटक कायमचे बंद करा!” दुसरा म्हणाला, “सरकारने वाट केली, लोकांनी कर भरला, मग अडवणारे हे कोण?” हे दोन्ही पक्ष माझ्या मित्र-मैत्रिणींचेच असल्यामुळे दोघांशीही भांडणे मला भाग आहे. तिसराही एक आक्षेप आला, की कला शाखेच्या अंकात मोटारसायकलचा काय संबंध? त्याला उत्तर असे, की पुढे जे येणार आहे त्यात मोटारसायकल थोडी आहे आणि माती पुष्कळ आहे.

या वाटांची माहिती मला प्रथम माझ्या मामांकडून मिळाली. ते नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक आहेत. मूळचे शेतकरी घरातले. त्यामुळे फोनवर बोलताना तिकडच्या बर्फाचे, चिखलाचे वर्णन ते शेताच्या भाषेत करतात. “अगं, इथे वाफसा हा शब्द कोणाला माहीत नाही,” ते एकदा म्हणाले, “पण एप्रिलभर सगळे वाट बघतात ती त्याचीच.” त्या एका वाक्यामुळे मी या प्रश्नाच्या मागे लागले. उरलेले वाचून आणि विचारून जमवले.

प्रथम त्या गाडीविषयी थोडेसे. १९७० साली होंडा कंपनीने तीन फुगीर चाकांची एक छोटी गाडी अमेरिकेत विकायला काढली. तिची जन्मकथा मोठी मौजेची आहे. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, दुकानदार माशा मारीत बसतात. तेव्हा बर्फात आणि चिखलात चालेल असे काहीतरी द्या, अशी तिथल्या विक्रेत्यांची मागणी होती. म्हणजे ज्या ऋतूत शहाण्या माणसाने वाहन घरात ठेवावे, नेमक्या त्याच ऋतूसाठी हे वाहन जन्माला आले! तीन चाकांची ती गाडी पुढे फार उलटू लागली, अपघात वाढले, आणि १९८८ मध्ये उत्पादकांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार तिची विक्री थांबवली. तोवर चार चाकांची गाडी आलेलीच होती. तीच आजची एटीव्ही.

वाहनाच्या मागोमाग कायदाही आला. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी एक आदेश काढला. सार्वजनिक जमिनींवरच्या अशा गाड्यांच्या वाटा आखताना माती, पाणलोट आणि झाडोरा यांचे नुकसान कमीत कमी व्हावे, वन्य प्राण्यांना त्रास होऊ नये आणि इतर लोकांशी तंटा होऊ नये, असे त्यात म्हटले होते. २४ मे १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्याला धार लावली : गाड्यांमुळे माती, झाडोरा किंवा प्राणी यांची मोठी हानी होत आहे किंवा होणार आहे असे दिसले, की संबंधित खात्याने ती वाट ताबडतोब बंद करावी आणि हानी दूर होईपर्यंत उघडू नये. ‘होणार आहे’ हे दोन शब्द माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहेत. नुकसान होऊन गेल्यावर फाटक लावणे कोणालाही जमते. पुढे २००५ साली तिथल्या राष्ट्रीय वनखात्याने नियम केला, की कोणत्या वाटेवर कोणती गाडी चालेल आणि गरज असेल तर वर्षातल्या कोणत्या काळात चालेल, हे प्रत्येक वनक्षेत्राने ठरवून नकाशावर छापावे. नकाशात नाही ती वाट गाडीला बंद. हे नकाशे फुकट मिळतात. काळेपांढरे, रूक्ष, चित्र नाही, शोभा नाही. पण रान आणि दिनदर्शिका एकाच कागदावर आणणारा असा नकाशा आमच्या भूगोलाच्या प्रयोगशाळेत मी तरी पाहिलेला नाही.

आता मातीकडे वळू. उत्तर मिनेसोटात हिवाळ्यात जमीन काही ठिकाणी चार-चार, पाच-पाच फूट खोल गोठते. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते हे आपण शाळेत शिकलो. पण जमिनीत घडते ते एवढ्यावर थांबत नाही. गोठणारा थर खालच्या ओलसर मातीतून, दिव्याची वात तेल ओढते तसे, पाणी वर ओढून घेतो आणि त्या पाण्याचे बर्फाचे पातळ पापुद्रे मातीत एकावर एक साचत जातात. जमीन उचलली जाते, पोकळ होते. वसंतात हे सारे वितळू लागते ते मुख्यतः वरून, कारण ऊन वरून येते. वरची वीतभर माती लापशीसारखी पातळ, आणि तिच्या खाली अजून दगडासारखा गोठलेला थर. वरचे पाणी खाली झिरपणार कसे? हंड्याला भोक नसावे तशी अवस्था. पाणी तिथेच उभे राहते, आणि त्यावर आणखी पाऊस पडतो. याच कारणाने त्या राज्यांत वसंतात कित्येक पक्क्या डांबरी रस्त्यांवरही मालमोटारींच्या वजनावर मर्यादा घालतात. जिथे डांबरी रस्त्याची ही कथा, तिथे रानातल्या कच्च्या वाटेची काय पाड?

या लापशीवरून चाक गेले की काय होते, ते सांगायला मराठीत एक शब्द तयारच आहे : चाकोरी. ‘चाकोरीबद्ध जीवन’, ‘चाकोरीबाहेरचा विचार’ असे आपण निबंधांतून इतके लिहितो, की चाकोरी म्हणजे मुळात चाकाने पडलेली खोल रेघ हे विसरूनच गेलो आहोत. वसंतात पडलेली चाकोरी उन्हाळ्यात वाळून घट्ट होते. पुढचा पाऊस उताराने धावताना तिच्यात शिरतो. आता तो पसरत नाही, ओघळ होऊन वाहतो. दोन-तीन हंगामांत चाकोरीची घळ होते. दुसरा स्वार आला, की तो घळ टाळून बाजूच्या गवतावरून जातो; तिसरा त्याच्याही बाजूने. चार फुटांची वाट अशी वीस फुटांची होते. वाहून गेलेली माती जाते ओढ्यात. थंड पाण्याच्या या ओढ्यांतला ब्रुक ट्राउट मासा शरद ऋतूत तळाच्या खड्यांत अंडी घालतो. ती खड्यांच्या फटींतून खेळणाऱ्या पाण्यावर हिवाळाभर जगतात. वर गाळ बसला की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. स्वार त्या ओढ्यापासून अर्धा मैल दूर असतो. त्याला यातले काहीच दिसत नाही, आणि मला त्याचा रागही येत नाही.

गाडी बनवणारे आणि विकणारे एक मुद्दा हिरिरीने मांडतात : आमची टायरे रुंद आहेत, हवा कमी भरतो, त्यामुळे जमिनीवर पडणारा भार थोडाच असतो. उभ्या गाडीपुरते हे खरे आहे. पण चिखलात गाडी उभी थोडीच राहते? तिथे चाक गरगर फिरते, आणि फिरणारे चाक दाबण्यापेक्षा खरवडते जास्त. रवीचे वजन किती, यावरून ताक घुसळले जाईल की नाही ते ठरत नाही.

म्हणून तपासणी. ही तपासणी मला या सर्व प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते.

बर्फ गेल्यासारखा दिसू लागला, की वनखात्याचा, काउंटीचा किंवा स्थानिक मंडळाचा माणूस वाट बघायला निघतो. तो पायी जातो, निदान जावा. (गाडीवर बसून चिखल तपासणे म्हणजे नाडी बघताना रोग्याला पळायला लावण्यासारखे आहे.) जायचे ते दुपारी. कारण सकाळी सातला रात्रीच्या गारठ्याने वाट फरशीसारखी टणक असते. तिथल्या शुगर मेपलच्या झाडांतून गोड रस वाहतो तो याच रात्री गोठवणाऱ्या आणि दिवसा वितळवणाऱ्या दिवसांत. सकाळी पाहणारा म्हणेल, वाट उत्तम आहे. तीच वाट दोन वाजता घोटाभर चिखल असते. पहाटेच्या तपासणीवर उघडलेले फाटक हा माझ्या मते शुद्ध फसवणुकीचा प्रकार आहे.

तो आधी टाच रोवून बघतो. टाच सहज रुतली, ठशात पाणी जमले, की पुढचे बघायची फारशी गरज नाही. मग एक टोकदार काठी खुपसतो. काठी सरसर जाऊन एकदम ‘टक्’ करून थांबली, तर खाली अजून गोठलेले आहे. वरची माती कितीही सुकलेली दिसो, वाट तयार नाही. मग मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा होऊन तो तसाच राहिला, बोटाने दाबल्यावर पोळीच्या कणकेसारखा खळगा पडला, तर ओल जास्त आहे. गोळा दाबताच भुसभुशीत फुटला, तर माती वाट सोडायला तयार झाली. हे वाचून शेतकऱ्याच्या घरातल्या मुला-मुलींना हसू येईल. कारण पाऊस पडून गेल्यावर आपले आजोबा बांधावर बसून ढेकूळ हातात घेऊन नेमके हेच करतात आणि ‘अजून वाफसा नाही’ म्हणून औत परत नेतात. ओल्या रानात औत घातले तर ढेकळे पडून पुढे वर्षभर निस्तरत बसावे लागते, हे त्यांना कोणा अध्यक्षाच्या आदेशावाचून माहीत होते.

पण माती एवढीच तपासायची नसते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, सूचिपर्णी झाडांच्या सावलीत, बर्फ आणखी दोन-दोन आठवडे दडून असतो, आणि वळणावर वेगाने येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. हिवाळी वाऱ्याने आडवी झालेली झाडे असतात. छातीच्या उंचीवर लोंबणारी फांदी ही तर सर्वांत घातकी. ओढ्यांवरचे साकव बघायचे : पुराने खालची माती धुपली आहे काय, फळी सुटली आहे काय. वाटेखालच्या मोऱ्या बघायच्या. तिथे बीव्हर नावाचा प्राणी असतो, तो ओढ्याला बांध घालणारा कसलेला इंजिनियर; मोरी दिसली की ती काटक्या-चिखलाने बुजवण्याचा त्याला मोह आवरत नाही. मोरी बुजली की पाणी वाटेवरून वाहते आणि एका रात्रीत वाट कापून नेते.

आणि बेडूक. जुन्या चाकोऱ्यांत साठलेल्या पाण्यात तिथला रानबेडूक वसंताच्या आरंभी अंडी घालतो. हा बेडूक हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली अक्षरशः गोठून जातो आणि वसंतात वितळून पुन्हा टुणकन उडी मारतो. असा जीव घेऊन आलेल्या प्राण्याने आपला संसार नेमका वाटेच्या मधोमध मांडावा, ही सृष्टीची थट्टाच म्हणायची.

याहून मोठी थट्टा पुढेच आहे. बर्फ गेलेला, पण नवे गवत अजून उगवलेले नाही, असा हा काळ त्या राज्यांत वणव्यांचाही मुख्य हंगाम असतो. गेल्या वर्षीचे वाळके गवत उघड्यावर, त्यावर कोरडा वारा. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच वाटेवर, खळग्यात चाक रुतते आणि टेकाडावर तापलेल्या धुराड्याला गवत लागून आग पेटू शकते! म्हणूनच अशा गाड्यांना ठिणगी अडवणारी जाळी बसवलेली असावी लागते. ओले आणि सुके यांची अशी गाठ बांधणारा ऋतू आपल्याकडे नाही, त्यामुळे कल्पनेनेच ताडावे लागते.

आता खरा वाद. पुष्कळांचे म्हणणे असते, की एवढे कशाला? एक तारीख ठरवून टाका. मेच्या मध्याला फाटक उघडेल, सर्वांना आधी कळेल, सुट्ट्या काढता येतील, वशिल्याला जागा उरणार नाही. तारखेच्या बाजूने हे सर्व खरे आहे, आणि शेवटचा मुद्दा तर फारच खरा आहे. तरीही मी तारखेच्या विरुद्ध आहे. त्याचे कारण नकाशात आहे.

विस्कॉन्सिनमध्ये सेंट क्रॉय फॉल्सपासून सुपीरियर शहरापर्यंत ‘गँडी डान्सर’ नावाची ९८ मैलांची वाट जाते. मध्येच ती मिनेसोटात शिरते आणि पुन्हा विस्कॉन्सिनात येते. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून ती केली आहे, आणि रेल्वेवर काम करणाऱ्या मजुरांना तिकडे प्रेमाने जे नाव होते तेच तिला दिले आहे. तिच्या उत्तर भागात एटीव्हीला मुभा आहे. रेल्वेचा भराव म्हणजे उंच, खडीचा, पाणी खाली सोडणारा. तो लवकर सुकतो. पण त्याच भागात नेमाजी नदीच्या परिसरात लाल चिकणमाती आहे. हिमयुगाच्या अखेरीस आजच्या सुपीरियर सरोवराहून मोठे सरोवर तिथे होते, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. तो पाणी सोडतच नाही. नेमाजी नदी सुपीरियर सरोवराला मिळते ती लालभडक होऊन. आणि दक्षिणेकडे, विस्कॉन्सिनच्या मध्यभागी, रेताड प्रदेश आहे, जिथे पाऊस थांबून चहा पिऊन होईपर्यंत जमीन कोरडी. आता सांगा, रेती, भराव आणि लाल चिकणमाती या तिघांना एकच तारीख कशी लावणार? रेतीच्या तारखेला चिकणमाती मरते, चिकणमातीच्या तारखेपर्यंत रेतीवरचा स्वार विनाकारण खोळंबतो. शिवाय सगळे वसंत सारखे नसतात. एखाद्या वर्षी मार्चमध्येच ऊब येते, एखाद्या वर्षी एप्रिलअखेर बर्फ पडतो. परीक्षेचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवू शकते, चिखलाचे नाही.

माझे मत असे : फाटक बंद करण्याला तारीख असावी, उघडण्याला नसावी. बंद करताना घासाघीस नको, अमुक दिवशी बंद म्हणजे बंद. उघडताना मात्र कोणीतरी चालून येऊन सांगावे.

यावर स्वारांची तक्रार रास्त आहे आणि ती मला हसण्यावारी न्यायची नाही. ते गाडीच्या नोंदणीचे पैसे भरतात, आणि त्या पैशांतून व इंधनकराच्या काही भागातून या वाटांची निगा राखली जाते. उन्हाळा तिकडे आखूड. रानाकाठच्या लहान गावांतली खाणावळ, पेट्रोलपंप, गाडी दुरुस्तीचे दुकान हे या पाहुण्यांवर चालते. हिवाळ्यातले बर्फगाड्यांवरचे पाहुणे गेले की एटीव्हीवाले येईपर्यंत गल्ला रिकामा. तिथे दुकान टाकून बसलेल्याला बेडकाची अंडी सांगत बसणे क्रूरपणाचे आहे. पण ‘पैसे भरले म्हणून उघडा’ हा युक्तिवाद टिकत नाही. आपण ग्रंथालयाचे शुल्क वर्षाचे भरतो. मे महिन्यात पुस्तकांची मोजदाद आणि बांधणी चालू असते तेव्हा ग्रंथपाल दार लावून घेतात. त्या वेळी आपले शुल्क बुडाले असे कोणी म्हणत नाही. त्याच शुल्कातून बांधणी होत असते. वाटेचे विश्रांतीचे सहा आठवडे हे नोंदणीच्या पैशांतच धरलेले आहेत. घळ झालेली वाट दुरुस्त करायला माती, खडी, यंत्र, मजुरी लागते, आणि ते होईपर्यंत ती वाट सहा आठवड्यांऐवजी कधी पूर्ण हंगामच बंद राहते. दुकानदाराचा तोटा कशात जास्त, हे त्याने स्वतःच्या वहीत मांडून बघावे.

उतावळ्यांचा एक वर्ग मात्र आहे, जो फाटकाला वळसा घालून जातो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! एक जण गेला की त्याची चाकोरी दुसऱ्याला आमंत्रण देते. या लोकांसाठी दंड असावा, आणि तो चांगला चिमटा बसेल इतका असावा. याहून अधिक शाई त्यांच्यावर खर्च करणे मला मान्य नाही.

आता कट्ट्यावरच्या पहिल्या पक्षाकडे, म्हणजे रानात चाक नकोच म्हणणाऱ्यांकडे. त्यांच्या बाजूला एक थोर माणूस आहे. वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहामुळे १९२४ साली न्यू मेक्सिकोतील हीला येथे रस्ते आणि मोटारी यांपासून मुक्त असे राखीव रान ठेवले गेले. पुढे विस्कॉन्सिनच्या त्या रेताड भागातच त्यांनी १९३५ मध्ये एक झिजून गेलेले शेत घेतले, तिथे झाडे लावली, आणि कोणत्या तारखेला कोणता पक्षी आला, कोणते फूल उमलले याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. १९४८ मध्ये ते वारले. त्यांचे महिन्यामहिन्याने रान सांगणारे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. लिओपोल्ड यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे, आणि काही राने पूर्णपणे चाकावाचून असलीच पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण सर्व राने? रानाला रोजच्या रोज पाय लावणारी माणसे उरली नाहीत, तर रानाच्या बाजूने बोलणार कोण? लिओपोल्ड यांच्याकडून मी घेते ते त्यांचे रोज बाहेर पडून बघणे आणि लिहून ठेवणे. वाट तपासणाऱ्या माणसाच्या हातात तीच वही आहे. तो कवी नसेल, तरी अमुक दिवशी काठी किती खोल गेली हे त्याला ठाऊक असते.

कोणी विचारील, की वेस्ट व्हर्जिनियातल्या ‘हॅटफील्ड-मॅकॉय’ वाटांचे काय? १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाने २००० साली त्या सुरू केल्या; आज त्या १,००० मैलांहून लांब आहेत आणि बाराही महिने उघड्या असतात. हे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते असे वरवर वाटते. परंतु तो प्रदेश दक्षिणेला आहे, तिथली जमीन मिनेसोटासारखी चार-पाच फूट गोठत नाही. वाटा बऱ्याच अंशी कोळशाच्या खाणींच्या आणि लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवरून जातात. ज्या जमिनीवर पूर्वीच घाव बसलेले आहेत आणि जिथे परवान्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती चालू असते, तिथला हिशेब कोवळ्या लाल चिकणमातीला लावता येणार नाही. उलट, जमीन बघून नियम करा हेच या उदाहरणातून सिद्ध होते.

आपल्याकडे बर्फ नाही; पण जून-जुलैत सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कुरणांवर मोटारी, फटफटी घेऊन चिखल उडवत जाण्याची हौस आता आपल्याही तरुणांत शिरली आहे. सड्यावरची माती कित्येक जागी बोटभर जाड, तिच्याखाली कातळ. गोठलेल्या थराचे काम तिथे कातळ करतो : पाणी वरच राहते, आणि चाक त्या बोटभर मातीला खरवडून नेते. ‘वाफसा’ हा शब्द आपल्या भाषेत शतकानुशतके आहे, आणि तो अजून फक्त नांगरापुरताच वापरला जातो.

राहिला वशिल्याचा मुद्दा, जो तारीखवाद्यांचा खरोखर बळकट मुद्दा आहे. उघडण्याचे एका माणसाच्या हाती दिले, की त्याचा मेहुणा खाणावळवाला निघतो! यावर उपाय माणूस काढून टाकणे हा नव्हे; त्याला लिहायला लावणे हा आहे. फाटकावर ‘बंद’ एवढीच पाटी नको. कोणत्या दिवशी, दुपारी किती वाजता, कोणत्या तीन-चार जागी पाहिले. काठी कुठे थांबली. कोणता साकव नादुरुस्त आहे. पुन्हा केव्हा पाहणार. हे एका कागदावर लिहून पाटीखाली लावावे. मोबाईलवर टाकावे, पण फाटकावरही लावावे, कारण पन्नास मैल गाडी हाकून आलेल्या माणसाला ‘बंद’ या शब्दाचा राग येतो आणि ‘लाल मातीच्या चढावर आठ इंचांवर अजून गोठलेले आहे’ हे वाचून तो निदान थांबून विचार करतो. ज्याला शंका असेल त्याने स्वतः काठी घेऊन पायी जावे. चालणाऱ्याला हलक्या पावलाने जाण्यास बहुतेक ठिकाणी मनाई नसते.

आणि तपासायला पाठवायचे ते शक्यतो स्वारांच्या मंडळातल्याच कोणाला तरी, वनखात्याच्या माणसाबरोबर. हंगामाआधी करवती घेऊन पडलेली झाडे कापायला, मोऱ्या उपसायला जातात ती तीच माणसे, आणि तीही बिनपगारी. फाटक लवकर उघडावे असे त्यांच्याइतके कोणालाच वाटत नाही. त्यांनीच दुपारी दोन वाजता त्या चढावर उभे राहून, बूट चिखलातून उपसत, “अजून आठ दिवस” असे वहीत लिहिले, तर त्या वहीवर खाणावळवाल्याचाही विश्वास बसेल.